शेऱ्याचा रकाना

"बाई, तुमीच का जी ऊन मोजता?"

आवाज पाठीमागून आला. मी पांढऱ्या पेटीच्या दारात वाकले होते, डोळा पाऱ्याच्या रेषेत धरून. पायांखाली हिरवळ गार लागत होती. दुपारचे अडीच वाजले होते, आणि अडीचची नोंद अडीचलाच घ्यायची असते. मागे न बघता मी हात वर केला, थांबा म्हणून. आधी कोरडा तापमापक, मग ओल्या फडक्यात गुंडाळलेला, मग आडवा निजलेला कमाल. दशांश आधी वाचायचा, अंश मागून. आणि वाचताना श्वास धरायचा, कारण माणसाच्या उच्छ्वासानंही पारा बिचकतो. आकडे वहीत उतरले तेव्हा मी दार लावलं आणि वळले.

तारेच्या कुंपणाबाहेर एक बाई उभी होती. पन्नाशीची, काटक, पदर डोक्यावरून दोनदा फिरवलेला. पायांत काही नव्हतं. कुंपणाच्या खांबाची सावली वीतभर पडली होती. त्या वितीत तिनं दोन्ही पावलं जुळवून ठेवली होती.

"मोजते," मी म्हटलं. "तुम्हाला काय हवं?"

"मंगळवारचं ऊन पायजे."

दुकानात येऊन कुणी पावशेर डाळ मागावी तसं तिनं मागितलं. मला हसू आलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. टेंभूरपेठच्या वेधशाळेत मी तेव्हा अकरा वर्षं निरीक्षक होते. वेधशाळा म्हणजे दोन खोल्या, पडवी, पावसाचं मापक, आणि तारेच्या कुंपणात चार पायांवर उभी असलेली लाकडी झडपांची ती पांढरी पेटी. गावातले लोक तिला खुराडं म्हणत. "लेनगुरेबाई, आज कोंबडीनं अंडं देल्लं का?" असं बाजारात कुणीतरी विचारायचंच. मीही म्हणायचे, "दिलं की. उकडूनच निघालं."

मी तिला पडवीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. तिनं आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायली.

"सयत्रा निमगडे नाव माहं. मंगळवारी माही पोरगी गेली. वनमाला. चोवीस वर्साची होती. डांबराच्या सडकेवर कामाले होती जी. दुपारी पडली, ते उठलीच नाही."

मी काही बोलायच्या आत तिनं पदराच्या गाठीतून एक चिठोरं काढून माझ्यापुढं धरलं. तहसिलीतल्या बाबूनं त्यावर पेन्सिलीनं लिहून दिलं होतं: '१२ मे, कमाल तापमान, वेधशाळेचा दाखला.'

"ऊन लागून मेली असं सांगाले गेली, तर बाबू म्हणते, तुह्या म्हणण्यानं का होते? कागद आन. पंचेचाळीसच्या वर लिवलं असन तर उनानं मेली. नसन तर नाही."

"नसेल तर?"

"नसन तर दारूनं मेली." ती हे असं म्हणाली की जणू तोंडातला खडा थुंकला. "मुकादमानं लिवून देल्लं हाये. झोकांड्या खात होती, बरळत होती, म्हणून मोहाची पेऊन आल्ती म्हणते. बाई, माह्या पोरीनं जन्मात थेंब नाही घेतला. तिचा बाप दारूनं गेला. दारूचा वास आला तर ती ओकत होती."

"बरळत होती म्हणजे? काय म्हणत होती?"

सयत्राबाईनं पेला खाली ठेवला.

"म्हणत होती, माय, चूल इझव वो. माय, चूल इझव. मी तिथं नव्हती. संगच्या बायांनी सांगतलं."

मला ठाऊक होतं. ऊन डोक्यात गेलं की माणूस असाच लडखडतो, असाच बरळतो. हवामानाच्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं, आणि माझं पाठ होतं. मी आत जाऊन नोंदवही आणली, बारा तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं.

कमाल: ४४.३.

माझं बोट तिथंच थबकलं. सयत्राबाईला वाचता येत नव्हतं, पण बोट वाचता येत होतं.

"कमी हाये?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"पाऊण अंशाला जरा कमी."

"पाऊण अंश म्हणजे केवढं ऊन असते जी? मुठीत मावते?"

मी तिला समजावलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो, इतक्या शांतपणे समजावलं. म्हटलं, सयत्राबाई, ही वही माझ्या मनाची नाही. जे डोळ्यानं दिसलं ते हातानं लिहायचं, मधे मन येऊ द्यायचं नाही. खोडायचं नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी सही करायची, म्हणजे चूकसुद्धा वाचता आली पाहिजे. अकरा वर्षांत मी एक आकडा बदललेला नाही.

ती ऐकत होती. मग तिनं ओळीच्या शेवटच्या घरावर बोट टेकवलं. तिथं मंगळवारी काहीच नव्हतं.

"अन् हे घर रिकामं काहून?"

"तो शेऱ्याचा रकाना. जे आकड्यात मावत नाही ते तिथं. गारा, वावटळ, वीज. हे बघा," मी जुनी पानं उलटली, कारण मला विषय बदलायचा होता. "ही माझ्या आधीच्या निरीक्षकांची नोंद. 'वीज पडून दोन बैल दगावले.' आणि ही माझी. 'गारपिटीत सुमारे दोनशे पोपट मेले.'"

"बैलाचं लिवता?"

"लिहितो. हवामानानं जी हानी झाली ती लिहायची असते."

"नाव लिवता का बैलाचं?"

"नाव कशाला?"

"सहजच इचारलं," ती म्हणाली आणि उठली. मी दाखला लिहिला, शिक्का मारला. ४४.३. तिनं कागदाची घडी घातली, ती गाठीत बांधली, आणि उन्हात उतरली. सावलीतून सावलीत उड्या मारत जाणारं माणूस मी पुष्कळदा पाहिलंय. ती मात्र सावल्या टाळूनच चालल्यासारखी सरळ भर उन्हातून गेली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या नोंदीला मी पेटीशी होते. चपला नेहमीसारख्या फाटकाजवळ काढलेल्या. सयत्राबाई आली ती विचारत बसली नाही. फाटक लोटून सरळ आत शिरली.

"हा तुमचा कागद घ्या," ती म्हणाली. "ह्यानं माह्या पोरीले दारुडी केलं."

"सयत्राबाई, मी..."

"बाबू हासला. म्हणते, 'बाई, चव्वेचाळीस तर टेंभूरपेठले रोजचंच हाये, चव्वेचाळीसात कोनी मरते का?' तिथं चारजण बसून होते, पंख्याखाली. सगळे हासले. मी म्हटलं, तुमी या ना सडकेवर, घ्या ना डांबराचं घमेलं डोईवर..."

ती चालत चालत बोलत होती, हात पुढं, हातात माझा दाखला. आणि पेटीपासून चार हातांवर ती एकदम थांबली. बोलणंही थांबलं. मान खाली घालून ती आपल्या पायांकडे बघायला लागली. मग तिनं उजवं पाऊल उचललं आणि पुन्हा टेकवलं, तापलेला तवा चाचपावा तसं.

"इथली भुई ओली काहून हाये?"

मीही खाली बघितलं.

ती खाली बसली. गवतात पंजा रुतवून तिनं माती वर काढली. काळी, चिकट, भर मे महिन्यात पेरणीला काढावी अशी माती. तिनं ती नाकाशी नेली.

"तुमचं ऊन गार हाये बाई," ती हळूच म्हणाली. "तुमी ऊन मोजतच नाही. तुमी पाणी मोजता."

पडवीच्या कडेला दौलत कोवे रबरी पाइपाचं वेटोळं घेऊन उभे होते. वेधशाळेचे शिपाई, माझ्या आधीपासूनचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. मी त्यांच्याकडे बघितलं.

"दौलतभाऊ, पाणी कधीपासून मारताय?"

"साहेब म्हणाले तईपासून."

"दिवसातून किती वेळा?"

"तीनदा जी. सकाळी, बारा वाजता, अन् दोनला. दोनचं जास्त मारा म्हणते, नाहीतर गवत माना टाकते." मग ते घाईघाईनं म्हणाले, "तुमीच तं म्हणत होत्या मॅडम, पायाले बरं वाटते."

म्हटलं होतं मी. पाठारेसाहेब मार्चमध्ये बदलून आले, कोकणातले. आल्या दिवशी कुंपणातली पिवळी, भेगाळलेली जमीन बघून त्यांचा चेहरा उतरला होता. "अहो लेनगुरे, हे काय, स्मशान की काय?" म्हणाले. त्यांनी लांबून दूर्वा मागवल्या, दौलतभाऊंकडून लावून घेतल्या, बोअरवेलला पाइप जोडला. अठरा मेला वरचे अधिकारी तपासणीला यायचे होते, तोवर सगळं हिरवंगार हवं होतं. आणि मला आवडलं होतं ते! वेधशाळेभोवतीची जमीन गावाच्या जमिनीसारखीच असली पाहिजे, हा पहिल्या धड्यातला पहिला नियम. आणि मी, अकरा वर्षं श्वास रोखून दशांश वाचणारी मी, रोज अडीच वाजता चपला काढून त्या ओल्या गवतात उभी राहत होते आणि मनात म्हणत होते, किती छान.

मंगळवारीही. अडीचला. वनमाला पावणेतीनला पडली.

मी हे सयत्राबाईला सांगितलं. का सांगितलं ते ठाऊक नाही. लपवायला जागाच उरली नव्हती म्हणून असेल. "तुमची मुलगी पडली तेव्हा मी इथं अनवाणी उभी होते," मी म्हटलं. "गार वाटत होतं म्हणून."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली, आणि हातातली माती तिनं पदरात बांधली, परत द्यायला आणलेल्या दाखल्यासकट.

ती गेल्यावर मी वही काढली. कमालकडे बघितलंच नाही. सरळ ओल्या तापमापकाच्या रकान्यात गेले. आमच्याकडे मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की ओल्या फडक्यातला पारा बावीस-तेविसाच्या वर चढत नाही. पंचवीस एप्रिलपर्यंत तसाच होता. पंचवीस एप्रिलला, पाइप जोडला त्या दिवशी, तो सव्वीसला गेला आणि तिथंच राहिला. ढग नाही, वारा फिरलेला नाही, दूरवर कुठं पाऊस नाही. एकवीस दिवस वही ओरडून सांगत होती की इथं कुणीतरी पाणी मारतंय, आणि तो आकडा रोज माझ्याच अक्षरात लिहिला जात होता. शेजारच्या जिल्ह्यातल्या वेधशाळेला फोन लावला. त्यांचं मंगळवारचं कमाल सत्तेचाळीस पूर्णांक चार. एरवी आमच्यात नि त्यांच्यात अर्ध्या अंशाचा फरक असायचा.

वही काखेत धरून मी साहेबांच्या खोलीत गेले. टेबलावर कुंडीत जास्वंदीचं रोपटं होतं, घरून आणलेलं. त्याला त्यांनी खिडकीच्या उन्हापासून वर्तमानपत्राचा आडोसा केला होता.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला नोंद बदलायचीय."

"नाही साहेब. आकडा आहे तसाच राहील. मला शेरा लिहायचाय. एकवीस दिवस, एकवीस शेरे. 'कुंपणात पाणी मारलेलं, नोंद ग्राह्य नाही.'"

"एकवीस दिवस बाद? तपासणीच्या तोंडावर?" ते हसले, पण ओठांनीच. "अहो लेनगुरे, चार दूर्वांनी हवामान बदलतं होय?"

"गावाचं नाही बदलत. पेटीतलं बदलतं. आणि तहसीलवाले पेटीतलंच खरं मानतात."

"ते त्यांचं बघतील. पंचेचाळीसचा नियम आपण केलाय का?"

"आकडा आपण दिलाय."

"तुम्ही दिलाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "नोंदीवर सही कुणाची? तीन वेळा, रोज, त्या गवतात कोण उभं होतं? तेव्हा नियम आठवला नाही? आता एक बाई येऊन रडली की आठवला!"

ते खरं होतं, आणि म्हणूनच माझा संताप मस्तकात गेला. "ती रडली नाही साहेब," मी म्हटलं. "एकदाही नाही. रडली असती तर कदाचित तहसिलीत कुणी पंख्याखालून उठलं असतं. तिची मुलगी उन्हानं मेली आणि तिच्या तोंडाला दारूचा वास लावला गेलाय, आपल्या हिरवळीसाठी!"

"वही इथं ठेवा. आणि शेरा लिहायचा नाही. हे मी सांगतोय."

"वही निरीक्षकाच्या ताब्यात असते," मी म्हटलं. "हाही पहिल्या धड्यातलाच नियम आहे."

त्या संध्याकाळी साडेपाचची नोंद झाल्यावर मी एकवीस शेरे लिहिले. शाईनं. प्रत्येकाखाली तारीख आणि सही. दौलतभाऊ दारात उभे राहून बघत होते. शेवटची सही झाल्यावर ते आत आले, शिक्क्याच्या पॅडवर अंगठा दाबला आणि विचारलं, "मॅडम, माहा कुठं?"

"तुमचा कशाला? साहेब तुमच्यावर..."

"पाणी तं मीच मारत होतो ना जी," ते म्हणाले, आणि पानाच्या तळाशी अंगठा उठवला.

शनिवारी सकाळी साहेब वरच्या अधिकाऱ्यांना आणायला शहरात गेले, रविवारी परतायचे होते. जाताना दौलतभाऊंना बजावून गेले, पाणी चुकवायचं नाही. दौलतभाऊंनी मान हलवली. गाडी वळणाआड गेली तसं त्यांनी पाइप नळापासून सोडवला, त्याचं वेटोळं केलं आणि ते खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"आता कोंबडीले खरं अंडं देऊ द्या," ते म्हणाले.

मेचं ऊन. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूर्वांच्या टोकांना करपट रंग आला. रविवारी दुपारी कुंपणात पुन्हा जुनी पिवळी जमीन दिसायला लागली होती, आणि मी चपला घालून पेटीशी गेले तरी तळव्यांना चटका कळत होता. ओल्या फडक्यातला पारा तेविसावर उतरला होता. आडवा कमाल सत्तेचाळीस पूर्णांक दोनला जाऊन निजला होता.

या कमाल तापमापकाची एक रीत असते. त्याच्या नळीला एक चिमटा असतो, चढलेला पारा त्यातून मागं येत नाही. दिवस उतरतो, हवा निवते, तो मात्र आपल्या उंचीवरच पडून राहतो. कुणीतरी हातात घेऊन झटकेपर्यंत. साडेपाचला मी तो झटकणार तेवढ्यात फाटक वाजलं.

पाठारेसाहेब एकटेच आले होते. अधिकारी विश्रामगृहावर उतरले होते. ते गवताच्या कडेला उभे राहिले. खाली वाकून एक काडी उपटली, बोटांत चुरडली. तिचा भुगा झाला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलेलं मी पाहिलं.

"मारलंत," ते म्हणाले. "जिवंत गवत मारलंत, लेनगुरे. हा खून आहे."

"कुणाचा, साहेब?"

त्यांनी बोटांवरचा भुगा पुसला.

"कुणाचा खून, साहेब? गवताचा?"

वाऱ्याचा श्वासही नव्हता. दौलतभाऊ पडवीतून उठून उभे राहिले. मी पेटीच्या दारातून बाजूला झाले. "तुम्ही वाचा," मी म्हटलं. "मी अजून झटकलेला नाही. आधी दशांश वाचा."

त्यांना वाचावंच लागलं. जुन्या पद्धतीत शिकलेला माणूस होता. समोर तापमापक उघडा असताना न वाचता जाणं त्याच्या हाताला जमण्यातलं नव्हतं. ते वाकले, श्वास रोखला, बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी आकडा सांगितला नाही. "लिहा," एवढंच म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले.

तपासणी झाली. अधिकाऱ्यांनी एकवीस शेरे वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. एकवीस दिवस बाद झाले. माझ्या नावानं एक मेमो निघाला, कर्तव्यात हलगर्जी केल्याबद्दल, आणि तो मला मान्य होता. साहेबांच्या नावानं काहीच निघालं नाही, आणि ते मला आजही मान्य नाही. जुलैत माझी बदली समुद्रकाठी झाली. तिथं सगळं आपोआपच हिरवं होतं.

पण ते नंतरचं. त्या आठवड्यात मी नवा दाखला घेऊन सयत्राबाईबरोबर स्वतः तहसिलीत गेले. 'बारा मेची नोंद अग्राह्य. कुंपणात पाणी मारल्यामुळे तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदलं गेलं.' जोडीला शेजारच्या जिल्ह्याचा आकडा. बाबूनं दोनदा वाचलं.

"मॅडम, ह्यात आकडा कुठाय?"

"आकडा खोटा आहे, हेच तर लिहिलंय."

"मग खरा द्या."

"खरा कुणीच मोजला नाही."

"अन् हा दुसऱ्या जिल्ह्याचा, तो चालत नाही," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. त्याच्या तक्त्यात दोनच घरं होती, पंचेचाळीसच्या वर आणि पंचेचाळीसच्या खाली. दोन्हींत न बसणारं मरण तो ठेवणार कुठं? त्यानं जुनी ओळ खोडली, खोडरबरानं, आणि तिथं लिहिलं: 'मृत्यूचे कारण: निश्चित करता येत नाही.'

"दारू काढली," तो सयत्राबाईला म्हणाला. उपकार केल्यासारखं.

"अन् ऊन?" तिनं विचारलं.

त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

तिथून ती वेधशाळेच्या पडवीत येऊन बसली, माठाशी. पदराची गाठ सोडली. त्यात त्या दिवशीची माती होती, आता वाळून ढेकूळ झालेली. ती हातात फिरवत ती स्वतःशीच म्हणायला लागली. गाणं म्हणता येणार नाही, पण बोलणंही नव्हतं. जात्याशी बसल्यावर बायकांच्या तोंडून आपोआप येतं तसं काही.

*सूर्व्या रे दादा, तुही चूल इझव,*
*माह्या लेकीच्या डोईचा पदर भिजव.*

दौलतभाऊ तोंड फिरवून उभे राहिले. ती दुसरी ओळ पुन्हा म्हणाली, मग थांबली.

"बाई," ती म्हणाली, "ते बैल कुठं लिवले होते?"

मला आधी कळलंच नाही.

"ते बैल. इजेनं मेलेले. अन् तुमचे पोपट. ते कोनी खोडले का?"

"नाही. या वहीतलं कुणी खोडत नाही. वह्या वर जातात, जपून ठेवतात."

"किती वर्सं?"

"कायमच्या."

"बैल तुमच्या आधीच्या साहेबानं डोळ्यानं पाहिले होते?"

"नाही. लोकांनी येऊन सांगितलं असणार."

"मग मी येऊन सांगून राहिली ना," सयत्राबाई म्हणाली.

मी वही उघडली. बारा मेच्या ओळीत माझा शेरा होता, त्याच्याखाली बोटभर जागा उरली होती. अकरा वर्षं मी मनाला त्या पानावर पाय ठेवू दिला नव्हता. आणि त्याच रकान्यात, मागच्या पानांवर, दोनशे पोपट होते, दोन बैल होते. बाई नव्हती एकही. आमच्या गावात ऊन लागून कधीच कुणी मेलं नव्हतं का? मी तिथं बसल्या बसल्या मागची पानं उलटली, साल दर साल, मे दर मे. शेऱ्याचा रकाना पांढरा, पांढरा, पांढरा.

"सांगा," मी म्हटलं.

तिनं सांगितलं, मी लिहिलं. मोठ्यानं वाचून दाखवलं. "दारूचं लिवलं?" तिनं विचारलं. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तिनं मान हलवली, माती माठाशेजारच्या तुळशीत टाकली, आणि गेली.

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. ऋतुजा नाव, संशोधन करते. देशभरातल्या जुन्या वह्या संगणकात भरून शंभर वर्षांचं ऊन मांडायचं काम चाललं होतं. किती वाढलं, कुठं वाढलं. आवाजात उत्साह होता, मला बरं वाटलं.

"मॅडम, अठ्ठ्याण्णवचे एकवीस दिवस तुम्ही स्वतःच बाद केलेत. ते मी रिकामे सोडतेय."

"सोड."

"आणि बारा मेला शेऱ्यात दोन ओळी जास्तीच्या आहेत. त्या हवामानाच्या वाटत नाहीत. आमच्या फॉर्ममध्ये शेऱ्याला रकाना नाहीये, फक्त आकडे घेतो. तर गाळल्या तर चालेल ना?"

मी म्हटलं, "काय लिहिलंय, वाच."

तिनं वाचलं. आधी भरभर, मग हळू.

"'वनमाला निमगडे, वय चोवीस, डांबरी रस्त्याच्या कामावर ऊन लागून दुपारी पावणेतीनला मृत्यू. दारू प्यायलेली नव्हती.'"

तिनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

"मॅडम, ही कोण होती?"

"आधी शेऱ्याचा रकाना आख," मी म्हटलं. "मग सांगते."